पर्यवेक्षकाविना परीक्षा



स्वागत समितीच्या वतीने या परिषदेसाठी आलेल्या आपणा सर्वांचे पुण्यात मनःपूर्वक स्वागत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती याच शहरात. आज इथल्या सिंबायोसिस आणि फ्लेम विद्यापीठांत लिबरल आर्ट्सचे, म्हणजे अनेक विषय एकत्र शिकवणारे, पदवी अभ्यासक्रम चालतात. हे शिक्षण नव्या प्रदेशांत रुजवण्याचा विचार करायला ही जागा योग्यच आहे.

या विषयात घानाचा अनुभव फार मोलाचा आहे. तिथले पॅट्रिक आवुआ १९८५ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात गेले, पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये स्थिरावले आणि ती नोकरी सोडून मायदेशी परतले. २००२ मध्ये आक्रा शहरात, भाड्याच्या घरात, ३० विद्यार्थ्यांवर त्यांनी आशेसी हे विद्यापीठ सुरू केले. २०११ मध्ये बेरेकुसोच्या टेकडीवर संस्थेचे स्वतःचे आवार उभे राहिले. तिथे संगणकशास्त्र शिकणाऱ्यालाही लेखन, तत्त्वज्ञान आणि आफ्रिकेचा अभ्यास करावा लागतो.

तिथल्या परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. मुले आपापला पेपर लिहितात. आपण कॉपी करणार नाही आणि दुसऱ्याची खपवून घेणार नाही, असा शब्द त्यांनी दिलेला असतो. ही आचारसंहिता २००८ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदानाने स्वीकारली. नीतिशास्त्राच्या तासाला शिकलेले परीक्षेच्या बाकावर उतरले, हे या प्रयोगाचे खरे यश.

असाच दुसरा प्रयोग बांगलादेशातला: तिथे चट्टग्रामच्या एशियन युनिव्हर्सिटी फॉर विमेनने कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलींना पदवीची वाट खुली केली.

सिंगापूरचा धडा वेगळा आहे. अमेरिकेतले येल विद्यापीठ आणि सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ यांनी मिळून २०११ मध्ये लिबरल आर्ट्सचे महाविद्यालय स्थापले. त्याचा लौकिक झाला. तरी दहाच वर्षांनी ते गुंडाळण्याचा निर्णय राष्ट्रीय विद्यापीठाने जाहीर केला आणि २०२५ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली. नामवंत भागीदार मिळाला तरी संस्थेच्या भवितव्याचा निर्णय कोणाच्या हाती राहणार, हे आधीच ठरायला हवे.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न भाषेचा आणि फीचा आहे. आपल्याकडे हे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीत आणि ज्यांना परवडते त्यांच्यासाठी आहे. तालुक्याच्या कॉलेजात मराठीतून शिकणाऱ्या मुला-मुलींपर्यंत ते कसे न्यायचे, यावर प्रतिनिधींनी या परिषदेत ठोस प्रस्ताव मांडावेत, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.