व्यापाराची बाराखडी
(संस्थेच्या वतीने दोंडाईचा येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या मार्गदर्शनपर कार्यक्रमातील भाषण)



संस्थेने आम्हांला ‘व्यवसाय व व्यापार यांच्या मूलभूत संकल्पना’ या विषयावर बोलायला सांगितले. विषय तुमच्या पाठ्यपुस्तकातला आहे. पहिल्याच प्रकरणातल्या व्याख्या तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असतील. त्या पुन्हा म्हणून दाखवण्यासाठी आम्ही इथे आलेलो नाही. त्या व्याख्या आपल्या गावात कुठे कुठे उभ्या आहेत, ते दाखवावे आणि त्या न समजल्यामुळे आमचे काय झाले, तेही मोकळेपणाने सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही बारा मित्रांनी प्रत्येकी अडीच हजार रुपये काढून तीस हजारांच्या भांडवलावर वस्तीत एक किराणा दुकान सुरू केले. खोली एका मित्राचीच होती, म्हणून भाडे नव्हते. दररोज सातशे रुपयांच्या आसपास विक्री होई. संध्याकाळी गल्ल्यात नोटा दिसत. ज्या मित्राने दिवसभर दुकानात बसायचे, त्याने घरखर्चाला रोज शंभर रुपये घ्यावेत, असे ठरले. सातशेतून शंभर म्हणजे काहीच नाही, असे आम्हां सर्वांना वाटले. चौदा महिन्यांत दुकान बंद पडले.

का बंद पडले? सातशे रुपये ही विक्री होती, मिळकत नव्हती. शंभर रुपयांच्या मालावर दहा रुपये सुटत, म्हणजे दिवसाचे सत्तर. त्यातून शंभर उचलले की रोज तीस रुपये भांडवलातून जात होते. चौदा महिन्यांचे चारशेवीस दिवस धरले, तर बारा हजार सहाशे रुपये आम्ही असेच खाऊन टाकले. जवळजवळ अकरा हजार उधारीत अडकले. तिसांतले सहा-साडेसहा हजार उरले आणि तेवढ्यात फळ्या भरेनात. फळ्या रिकाम्या दिसू लागल्या तसे गिऱ्हाईक दुसरीकडे वळले.

मित्रहो, पैसे गेले याचे दुःख आम्ही पचवले. परंतु त्या काळात आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहू लागलो. दुकानात बसणाऱ्या मित्राने पैसे खाल्ले, अशी कुजबुज झाली. तो बोलेनासा झाला. आमच्या घरी येणे त्याने सोडले. पुढे उधारीच्या चिठ्ठ्या जुळवून आम्ही हिशेब मांडला, तेव्हा कळले की त्याने ठरलेल्या शंभरापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नव्हता. त्याची माफी मागायला गेलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “हाच हिशेब तेव्हा मांडला असता तर?” म्हणून आम्ही तुम्हांला सांगतो, हिशेबाची वही केवळ पैशांसाठी नसते. ती माणसे जपण्यासाठी असते.

आता मूळ विषयाकडे वळू. नफा मिळवण्याच्या उद्देशाने, सातत्याने, वस्तूंचे वा सेवांचे उत्पादन किंवा देवघेव करणे म्हणजे व्यवसाय. घरातला जुना पाट एकदा विकला तर तो व्यवसाय नव्हे. पाट तयार करून दर आठवड्याला बाजारात नेले तर तो व्यवसाय. या व्यवसायाच्या दोन मोठ्या शाखा आहेत, उद्योग आणि वाणिज्य. वस्तूला नवे रूप देतो तो उद्योग. आपल्या दोंडाईचात मक्यापासून स्टार्च तयार होते, हा उद्योग. तयार वस्तू गरजवंतापर्यंत पोहोचवण्याची सगळी साखळी म्हणजे वाणिज्य. त्या साखळीतली खरेदी-विक्री म्हणजे व्यापार. वाहतूक, गोदाम, बँक, विमा, जाहिरात या व्यापाराला हात देणाऱ्या सेवा.

ही साखळी पाहायला लांब जायला नको. आपली मिरचीच घ्या. दिवाळीनंतर ओली लाल मिरची बाजारात येऊ लागते. शेतकरी ती पिकवतो, हे प्राथमिक उत्पादन. बाजार समितीच्या आवारात लिलाव होतो. तिथला अडत्या हा माल स्वतः विकत घेत नाही. तो शेतकऱ्याच्या वतीने विकतो आणि त्याबद्दल अडत घेतो. खरेदीदार मात्र माल स्वतःच्या नावावर घेतो, म्हणून भाव पडला तर तोटाही त्याचाच. मध्यस्थ आणि व्यापारी यांच्यातला फरक परीक्षेत विचारला तर हे दोघे डोळ्यांसमोर आणा. तोलणारा, हमाल, बाजार फी, हातात पडणारी हिशेबपट्टी, या सर्वांमागे महाराष्ट्राचा 1963 सालचा कृषी उत्पन्न पणन कायदा आहे. बाजार नियमनात आणण्यामागचे कारण साधे होते. लिलाव उघड व्हावा, वजन खरे व्हावे आणि शेतकऱ्याला पट्टी लेखी मिळावी.

मग ती मिरची पथारीवर वाळत पडते. आपल्या माय-बहिणी उन्हात बसून देठ खुडतात. मिरची सुकते, पोत्यात भरली जाते, ट्रकने किंवा रेल्वेने परगावी जाते. सुरत-भुसावळ लोहमार्गावर आपले स्टेशन आहे, याचा आपल्या बाजारपेठेला केवढा आधार! शेवटी ती कुणाच्या तरी घरी कळण्याच्या भाकरीसोबत ठेचा म्हणून किंवा तिखट म्हणून ताटात येते. वाळवून रूप बदलले, दुसऱ्या गावी नेले, पुढच्या हंगामापर्यंत साठवले. रूप, स्थळ आणि काळ या तिन्हींमुळे वस्तूची उपयुक्तता वाढते, असे पुस्तक सांगते, ते हेच.

आता या मिरचीचा हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. समजा, एका व्यापाऱ्याने चाळीस क्विंटल ओली मिरची चाळीस रुपये किलोने घेतली. एक लाख साठ हजार झाले. वाळवणे आणि देठ खुडणे यांची मजुरी वीस हजार, पोती व गाडीभाडे आठ हजार, फी वगैरे दोन हजार. एकूण एक लाख नव्वद हजार. वाळून माल एक हजार किलो राहिला असे धरले, तर किलोला एकशेनव्वद रुपये पडले. विक्रीचा भाव दोनशेदहा असेल तर वीस हजार नफा. विद्यार्थी इथेच उत्तराखाली दोन रेघा मारतो. व्यापाऱ्याला पुढे जावे लागते. एक लाख साठ हजार त्याने दोन महिन्यांसाठी दरमहा शेकडा एक व्याजाने आणले असतील, तर तीन हजार दोनशे गेले. पथारीवर माल असताना अवकाळी पाऊस आला आणि पन्नास किलो काळी पडली, तर दहा हजार पाचशेची विक्री बुडाली. हाती उरले सहा हजार तीनशे. यालाच जोखीम म्हणतात. नफा हा पुष्कळ अंशी ही जोखीम पत्करल्याचा मोबदला असतो.

शिवाय माल उधार गेला असेल, तर वहीत नफा दिसतो आणि गल्ला रिकामा असतो. नफा वेगळा आणि रोकड वेगळी. फायद्यातले धंदेसुद्धा रोकडीअभावी बंद पडतात. म्हणून भांडवलाचे दोन भाग ध्यानात ठेवा. काटा, कपाट, चक्की यांत गुंतलेले ते स्थिर भांडवल. मालात, मजुरीत, उधारीत फिरत राहते ते खेळते भांडवल. ते खेळायचे थांबले की धंदा आजारी पडला म्हणून समजा.

मुद्दल आणि उत्पन्न वेगळे ठेवा, ही शिकवण आपल्याकडे आजची नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची संघटना. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशेचाळीस होते. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा, म्हणजे बरोबर दोनशेचाळीस! एवढेच नव्हे, तर हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला, असेही तिथे कोरले आहे. व्याजाचा दर, ठेवीची अट, खर्चाचे शीर्षक, जाहीर नोंद, यांतले काय राहिले? विणकरांना जे कळत होते, ते आम्हां बारा शिकलेल्यांना कळले नव्हते. आम्ही मुद्दलच खाल्ले.

त्याच परंपरेतील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक स्वतःच्या उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. आजचे हिशेबतज्ज्ञ याला नफ्याची पुनर्गुंतवणूक आणि राखीव निधी म्हणतील.

परंतु केवळ हिशेब आला म्हणजे व्यापार जमला, असे म्हणून आम्ही तुमची फसवणूक करणार नाही. व्यापाराचा तिसरा खांब आहे पत. माल उधार द्यावा एवढा विश्वास समोरच्याला वाटणे म्हणजे पत. आपल्या समाजात ही पत माणसाच्या कामावर नव्हे, तर जातीवर ठरत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आले. त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक थांबले आणि पेढी बंद करावी लागली. विद्या होती, प्रामाणिकपणा होता, बाजाराने पत नाकारली. तेच बाबासाहेब 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवू लागले. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तुम्ही ज्या शाखेत शिकता, त्या शाखेचे ते अध्यापक होते, हे विसरू नका.

आज भिंती पूर्ण पडल्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. मात्र पत मिळवण्याचे लेखी मार्ग उघडले आहेत. बँकेचा अधिकारी तीन गोष्टी पाहतो: वही, विवरणपत्र आणि आधीच्या कर्जाची फेड. 1978 साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. 2015 साली लहान व्यावसायिकांसाठी मुद्रा कर्ज योजना आली. 2005 साली पुण्यात दलित उद्योजकांनी स्वतःचे चेंबर उभे केले. योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता बँकेत जाऊन विचारा. आणि एक लक्षात ठेवा, अनुदान हे भांडवल आहे, मिळकत नव्हे. ते घरात खर्च केले तर आमच्या दुकानाचीच गत होईल.

धंदा कोणत्या स्वरूपात करायचा, हेही आधी ठरवा. एकट्याचा असेल तर निर्णय झटपट होतो, पण तोट्याची जबाबदारी घरादारापर्यंत पोहोचते. भागीदारी असेल तर 1932 च्या कायद्यानुसार लेखी करार करा. आम्ही मैत्रीच्या भरवशावर राहिलो, म्हणून मैत्रीही गेली. सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदाला एकच मत. कंपनीत मत भागांच्या संख्येवर आणि जबाबदारी सामान्यतः भागांच्या रकमेपुरती मर्यादित. आमच्या भगिनींचे बचत गट मिरची कांडून तिखट विकू लागले, तर त्यांनाही हा विचार करावाच लागेल. खाद्यपदार्थासाठी 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते. पाकिटावर निव्वळ वजन, तारीख आणि किंमत छापावी लागते. हे कागद त्रासाचे वाटतात, पण अनोळखी गिऱ्हाईक ज्यावर विश्वास ठेवते तो कागदच असतो.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेआधी एक काम करा. दोघे-दोघे मिळून बाजार समितीत जा आणि एक लिलाव उभा राहून पाहा. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी वाचा आणि तीतली प्रत्येक वजावट कशाची आहे ते विचारा. घरी येऊन आईच्या महिन्याच्या खर्चाचा जमाखर्च मांडा. नोकरी मिळाली तर उत्तमच. पण नोकरी नाही म्हणून नाइलाजाने टपरी टाकायची, हा विचार सोडा. धंदा करायचा तर समजून-उमजून करा.

आमच्या त्या दुकानाची वही आम्ही अजून जपून ठेवली आहे. तिच्यात उधारीची नावे आहेत, पण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकदाही नफा-तोटा काढलेला नाही. ज्या मित्रावर आम्ही संशय घेतला, त्याची नात यंदा वाणिज्य शाखेत शिकते आहे आणि ती या सभागृहात बसली आहे. ती वही आज आम्ही तिच्या हाती देत आहोत. बाळ, तुझ्या आजोबांचा तो हिशेब आता तू नीट मांड आणि तुझ्या मैत्रिणींना दाखव.

 जयभीम!