खेळ विकल्यानंतर



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. इतिहास, अर्थकारण, नाट्य, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत हे खेळाचे पोर कोणी आणून बसवले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वस्तूवर आपल्या घरातली मुले, आणि खरे बोलायचे तर मुलांचे बापही, सुट्टीचे दिवसच्या दिवस घालवतात, ती वस्तू कोण घडवतो, कोण विकतो आणि विकल्यावर तिची जबाबदारी कोण घेतो, हा प्रश्न पोरखेळ नव्हे. तो उद्योगाचा आणि त्याहून अधिक विश्वासाचा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून अथवा हातात धरून खेळायचे, मुद्दाम खेळासाठी बनवलेले यंत्र. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच ही त्याची आजची ठळक नावे. त्यांचे मालक अनुक्रमे सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो. स्वतंत्र खेळ म्हणजे एखाद्या एकट्या-दुकट्याने किंवा लहानशा मंडळीने, कोणा बड्या कंपनीच्या पगारावर न राहता, आपल्या हिमतीवर रचलेला खेळ. साध्या संगणकासाठी खेळ करणाऱ्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. वाटल्यास तो स्वतःच्या संकेतस्थळावर आपला माल मांडू शकतो. कन्सोलचे तसे नाही. तिथे यंत्र ज्याचे, दुकान त्याचे आणि दुकानाच्या दारावरचा पहारेकरीही त्याचाच. मग हा स्वतंत्र म्हणवणारा कारागीर स्वतंत्र तो किती? आजच्या माझ्या बोलण्याचा हाच गाभा आहे.

हा पहारा आला कोठून, ते आधी पाहिले पाहिजे. 1979 साली अमेरिकेत अटारी कंपनीचे चार प्रोग्रामर बाहेर पडले. आपण रचलेल्या खेळावर आपले नाव नाही आणि विक्रीत वाटाही नाही, हे त्यांचे दुखणे होते. बाहेर पडून त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभारण्यात भाग घेतला. यंत्र एकाचे आणि खेळ दुसऱ्याचा, अशी ही पहिलीच कंपनी. अटारीने त्यांना कोर्टात खेचले, पुढे प्रकरण तडजोडीने मिटले आणि दार सताड उघडले. दार उघडले की हवा येते तशी धूळही येते. निकृष्ट खेळांचा पूर लोटला आणि 1983 साली अमेरिकेतला हा बाजार कोसळला. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो या गावच्या कचराभूमीत पुरून टाकला. 2014 साली त्याचा काही भाग उकरून वर काढण्यात आला, तेव्हा जगाला या दफनाची पुन्हा आठवण झाली.

1985 साली निन्टेन्डो अमेरिकेत आली ती हा धडा घेऊनच. तिने यंत्रात कुलपासारखी एक चिप बसवली. परवान्यावाचून खेळ चालेना. परवाना घेतला तरी वर्षाला पाचच खेळ आणता येत. आणि खेळाची कार्ट्रिजेस निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागत. हा जाच होता, यात संशय नाही. पण त्याच जाचामुळे ग्राहक दुकानाकडे परत वळला, हेही तितकेच खरे. तेव्हा पहारेकऱ्याला सरसकट खलपुरुष ठरवू नका. गल्ली चोरांची असेल, तर पहारा हवाच. प्रश्न पहारा असण्याचा नाही. पहारेकरी कोणाला, किती वेळ आणि काय घेऊन अडवतो, याचा आहे.

पुढे इंटरनेट आले आणि कार्ट्रिज नाही, तबकडी नाही, असा थेट माल घरी उतरू लागला. 2008 हे साल या दृष्टीने भाग्याचे. जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ एक्सबॉक्सवर आला. दोघा मित्रांनी उभारलेल्या टूडी बॉय या मंडळीचा ‘वर्ल्ड ऑफ गू’ निन्टेन्डोच्या वी या यंत्रावर आला. लहान माणसाला मोठ्या दुकानात फळी मिळाली. आता सुकाळ झाला, असे पुष्कळांना वाटले.

सुकाळ झाला खरा, पण कोणाचा? हिशेब करून पाहू. समजा, खेळाची किंमत हजार रुपये आहे. दुकानाची रूढ अडत तीस टक्के; म्हणजे तीनशे रुपये तिथेच गेले. उरलेल्या सातशेतून कर द्यायचा. खेळ निरनिराळ्या यंत्रांवर चढवायला, अनेक भाषांत उतरवायला आणि जाहिरात करायला प्रकाशक घेतला असेल, तर त्याचा वाटा द्यायचा. आणि पहिल्या काही आठवड्यांची गर्दी ओसरली, की अर्ध्या किमतीच्या सेलमध्ये उभे राहायचे. वीच्या दुकानात तर ठराविक संख्येने प्रती खपेपर्यंत कारागिराच्या हाती एक पैसाही पडत नसे. आपल्या मार्केट यार्डात कांदा घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला हा हिशेब निराळा समजावून सांगावा लागणार नाही!

पण श्रोतेहो, पैशाची ओढाताण ही या धंद्यातली सर्वांत मोठी अडचण नव्हे. ती विक्रीबरोबर दिसते तरी. खरी कसोटी लागते ती विक्रीनंतर. पुस्तक छापून झाले की लेखक सुटतो. छापखान्याच्या चुका शुद्धिपत्रात भागतात. खेळाचे तसे होत नाही. हजारो माणसे हजारो तऱ्हांनी तो खेळतात आणि रचणाऱ्याच्या स्वप्नातही न आलेले दोष उजेडात आणतात. मग दुरुस्ती पाठवावी लागते. तिला इंग्रजीत पॅच म्हणतात; पॅच म्हणजे आपले ठिगळ. संगणकावर हे ठिगळ कारागीर रात्री शिवतो आणि सकाळी लावतो. कन्सोलवर मात्र ते आधी यंत्रमालकाच्या तपासणीस पाठवावे लागते. खेळ चालू असता हातातल्या कंट्रोलरची बॅटरी संपली तर काय होते, खेळ जतन होत असता सूचना दिसते की नाही, अशी नियमांची लांबलचक यादी असते. एका कलमात नापास झाले, की पुन्हा रांगेत उभे राहायचे.

यातून काय घडते, याचे बोलके उदाहरण ‘फेझ’ या खेळाचे आहे. कॅनडातल्या माँट्रियल शहरी पॉलिट्रॉन या चिमुकल्या मंडळीने पाच वर्षे खपून तो रचला आणि एप्रिल 2012 मध्ये एक्सबॉक्सवर आणला. खेळाची वाहवा झाली. जूनमध्ये त्यांनी दुरुस्ती पाठवली. तिने बहुतेक दोष गेले. पण एक टक्क्याहूनही कमी खेळाडूंचा जतन केलेला खेळ बिघडू लागला. दुरुस्ती मागे घेतली. आता दुरुस्तीची दुरुस्ती करायची, तर पुन्हा तपासणीचे शुल्क भरावे लागणार, आणि ते दहा-दहा हजार डॉलरांच्या पटीत मोजावे असे. लहान मंडळीला ते परवडेना. शेवटी जुलैत त्यांनी तीच सदोष दुरुस्ती जशीच्या तशी परत चढवली आणि ज्यांचे नुकसान होईल त्यांची क्षमा मागितली. संगणकावर हाच दोष फुकट आणि दोन आठवड्यांत निघाला असता, असे त्यांचे म्हणणे होते.

विचार करा. कारागिराला दोष ठाऊक आहे, तो काढण्याची इच्छा आहे, हातात कसबही आहे. पण दाराची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला! शिव्याशाप मात्र कोणाला? खेळावर ज्याचे नाव, त्यालाच. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहकाने तक्रार करावी, हे रास्तच आहे. पण जबाबदारी एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, अशी जिथे फारकत होते, तिथे भले माणूसही नाइलाजाने वाईट वागते. 2013 साली मायक्रोसॉफ्टने हे शुल्क रद्द केले आणि त्याच वर्षी स्वतंत्र रचनाकारांना स्वतःच प्रकाशक होता येईल अशी योजनाही जाहीर केली. पहारा सैल केल्याने बाजार कोसळला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शुल्क गेले, तरी वेळ आणि श्रम राहिलेच. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवाडीचा खेळ रचला. 2016 साली तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. असा यशस्वी माणूस! तरीही त्याच्या खेळाची 1.6 ही मोठी सुधारणा संगणकावर मार्च 2024 मध्ये आली, ती कन्सोलवर पोहोचायला नोव्हेंबर उजाडला. खेळ एक, पण यंत्रे अनेक. आणि प्रत्येक यंत्राचे सोवळे निराळे. ज्याच्यापाशी एवढे यश नाही, त्याचे काय होत असेल?

आणि समजा, सगळे निभावले. खेळ बिनदोष झाला, ग्राहक संतुष्ट झाला. तरी दुकानच बंद झाले तर? वीचे दुकान जानेवारी 2019 मध्ये बंद झाले. वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांच्या दुकानांतली विक्री मार्च 2023 मध्ये. एक्सबॉक्स 360 चे दुकान जुलै 2024 मध्ये. ज्यांचे खेळ अन्यत्रही होते ते तगले. जे तेवढ्याच फळीवर होते, ते फळीबरोबर गेले. जुना ग्रंथ रद्दीच्या दुकानात तरी सापडतो. या मालाला रद्दीचे दुकानही नाही.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे समजू नका. ‘राजी’ हा खेळ आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीचा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती कथा. त्यांनी 2017 साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही. तरी मंडळी हटली नाही. ऑगस्ट 2020 मध्ये ‘राजी’ प्रथम स्विचवर आला आणि त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या स्वतंत्र निर्मितीच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. पण नवल असे, की पुण्यात रचलेला हा खेळ ज्या यंत्रावर प्रथम आला, त्या यंत्राची भारतात तेव्हा अधिकृत विक्रीच नव्हती. घरचा माल, पण घरच्या पेठेला पारखा! परक्या देशातला ग्राहक, परक्या वेळेला येणारी त्याची तक्रार आणि तिला उत्तर देणारी इथली मूठभर माणसे, असा हा संसार असतो.

मग करावे काय? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली कारागिराला. खेळ प्रसिद्ध झाला तो दिवस अखेरचा नव्हे, बारशाचा आहे. बारशापुढेच पालनपोषणाचा खर्च. तेव्हा प्रकाशनाच्या दिवशी थैली रिकामी होईल, असा अंदाज कधीही बांधू नये. इंग्लंडातल्या हॅलो गेम्स या लहान मंडळीचा ‘नो मॅन्स स्काय’ 2016 साली आला, तेव्हा दिलेल्या आश्वासनांपेक्षा पदरात पडले ते थोडे, म्हणून लोकांनी त्यांना झोडपून काढले. त्यांनी वाद घातला नाही. काम करीत राहिले आणि वर्षामागून वर्षे फुकट सुधारणा देत गेले. आज त्याच खेळाचे नाव आदराने घेतले जाते. पण हे त्यांना साधले, कारण पहिल्याच झपाट्यात विक्री उदंड झाली होती आणि गाठीला पैसा होता. नुसत्या सद्बुद्धीने दुरुस्ती होत नाही.

दुसरी यंत्रमालकाला. नवा खेळ आत घेताना खुशाल कसून तपासा. पण दोष काढायला आलेल्याला ताटकळत ठेवू नका. आजाऱ्याच्या दारात वैद्याला अडवणारा पहारा कोणाच्याच हिताचा नसतो. आणि दुकान मोडायचे असेल, तर तिथला माल दुसरीकडे नेण्याची वाट आधी मोकळी करा.

तिसरी आपणा ग्राहकांना. दोष दिसला तर जरूर सांगावा. पण कोठे, कधी आणि काय करताना घडला, हे नीट सांगावे. शिवीने दोष सापडत नाही, वर्णनाने सापडतो. आणि जो खेळ आवडला, त्याची पुरी किंमत कधीमधी मोजावी. सेलची वाट पाहत बसलेल्या हजार चाहत्यांपेक्षा वेळेवर दाम देणारे शंभर ग्राहक कारागिराला अधिक जगवतात.

विकणे हा एका क्षणाचा व्यवहार आहे. सांभाळणे हा वर्षानुवर्षांचा शब्द आहे. हा शब्द देणारा माणूस लहान असतो आणि तो पाळण्याची साधने मोठ्यांच्या हाती असतात. ही साधने त्याच्या हाती थोडी अधिक द्या. मग तो शब्द पाळतो की नाही, ते त्याला खुशाल खडसावून विचारा.