काजळीचा कण आणि त्याची ठेवण

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानासाठी आम्ही ‘काजळी’ हा विषय निवडला, तेव्हा कार्यकारी मंडळातील काही मित्र गालांतल्या गालांत हसले. मंगल प्रसंगी हे काळे कशाला, असा त्यांचा भाव असावा! परंतु आपल्या वाडवडिलांनी दिव्याची काजळी डिंकात घोटून तिच्या शाईनेच जमाखर्च लिहिले. आणि ज्या गाड्यांतून आपण येथे आलात त्यांच्या टायरांतही तिचेच भाऊबंद आहेत. कारखान्यात तेल अपुऱ्या हवेत जाळून ही काजळी करतात व तिला कार्बन ब्लॅक म्हणतात. तिच्या योगे रबर बळकट होते, हे इंग्लंडात सिल्व्हरटाऊन येथे एस. सी. मोट यांना १९०४ साली आढळले.

आता आमची फजिती सांगतो. ज्ञातीच्या पतपेढीचे कर्ज काढून आम्ही रबरी नळ्यांचा लहानसा कारखाना घातला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. आमच्या मिश्रणात एन ३३० जातीची काजळी पडत असे. एकदा एन ३२६ स्वस्तात मिळाली. दोहोंचा आयोडीन आकडा ८२, म्हणजे कणांची सूक्ष्मता जवळजवळ सारखी. कण सारखा तर गुणही सारखा, असा आम्ही सोयीस्कर हिशेब केला. झाले! नळी डायमधून बाहेर पडताच नेहमीपेक्षा अधिक फुगू लागली. पक्की झाल्यावर ताणून पाहिली तर ढिली. सबंध मागणी परत आली, पतपेढीचा हप्ता थकला आणि सौभाग्यवतींच्या पाटल्या गहाण पडल्या.

चूक कोठे झाली? काजळीचा कण एकटा कधीच नसतो. भट्टीच्या ज्वाळेतच अनेक कण एकमेकांस कायमचे चिकटून त्यांचा समूह बनतो. या समूहाच्या ठेवणीस ‘स्ट्रक्चर’ म्हणतात. अंगणात चिंचोक्यांची रास घाला आणि शेजारी बाभळीच्या फांद्या रचा. वजन तेच, परंतु फांद्यांत पोकळी किती! ही पोकळी तेल जिरवून मोजतात. १०० ग्रॅम एन ३३० सुमारे १०२ घनसेंटिमीटर तेल पिते, तर एन ३२६ अवघे ७२. हा दुसरा आकडा आम्ही वाचलाच नव्हता.

फांद्यांच्या बेचक्यांत थोडे रबर अडकून बसते. ते रबर असूनही ताणले जात नाही, काजळीच्याच पक्षाला जाऊन मिळते. त्यामुळे ५० भाग घातलेली काजळी त्याहून अधिक घातल्यासारखी वागते. मिश्रण घट्ट होते, माल ताणास कणखर होतो. आणि डायमधून सुटल्यावर उसळी घेणारे मोकळे रबरच कमी उरल्याने नळी कमी फुगते. शिवाय फांदीस फांदी लवकर भिडते, म्हणून विजेलाही वाट सापडते. ज्या मालावर वीज साचून चालत नाही, त्यात अशी फांदेदार काजळी थोडक्यात काम भागविते.

तथापि एन ३२६ ला आम्ही उगाच शिव्या दिल्या, हे कबूल केले पाहिजे. टायरातील पोलादी तारांवर जे रबर चढवितात, त्यात तिलाच मान आहे. पातळ मिश्रण तारांच्या फटींत शिरते व फाटण्यासही चांगला विरोध करते. मात्र आटोपशीर ठेवणीच्या काजळीचे गोळे घट्ट बसतात. ते नीट फुटून पसरावेत म्हणून मळणी अधिक करावी लागते. घाई करणाऱ्याच्या मालात न फुटलेले दाणे राहतात आणि तेथूनच चीर जाते.

पतपेढीच्या चिटणीसांनी तेव्हा सहा महिन्यांची सवड दिली. पाटल्या सुटल्या आहेत. त्या आज या सभागृहात आल्याही आहेत. दोन्ही नळ्यांचे तुकडे आम्ही मेजावर ठेवले आहेत. फराळास जाण्यापूर्वी ते हाताने ताणून पाहावेत, आणि ज्यांची मुले या धंद्यात पडू पाहत आहेत त्यांनी त्यांनाही घेऊन यावे.