जाहिरात निघण्यापूर्वीचा काळ

तानसा खोऱ्यातील आणि मुरबाड परिसरातील जे स्नातक आज पदवी स्वीकारत आहेत, त्यांच्या घराघरांत एक समजूत आढळते की पदवी हाती आली म्हणजे अर्ज करण्यास आरंभ करावा. परंतु नोकरभरतीचे प्रत्यक्ष वेळापत्रक या समजुतीप्रमाणे चालत नाही. पवईच्या आयआयटीत कंपन्यांच्या मुलाखती अंतिम वर्षाच्या डिसेंबरमध्येच सुरू होतात. कॅम्पस भरती, म्हणजे कंपनीने स्वतः शिक्षणसंस्थेत येऊन केलेली निवड, ग्रामीण कला व वाणिज्य महाविद्यालयांच्या वाट्याला क्वचितच येते, आणि भिवंडी-आसनगाव पट्ट्यातील गोदामांत ठेकेदारामार्फत मिळणाऱ्या कामाला बहुधा पदवी लागतच नाही. त्यामुळे येथील तरुणांचा ओढा सरकारी व बँकांच्या परीक्षांकडे असणे स्वाभाविक आहे.

या परीक्षांतही अर्जाची वेळ सारखी नसते. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला अंतिम वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो, तर बँकांसाठी परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पदवीचा निकाल लागलेला असावा अशी अट घालते.

मात्र खरी अडचण अभ्यासाची नसून कागदपत्रांची आहे. राखीव जागेवरील नियुक्तीसाठी जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी समितीने दिलेली मान्यता, आवश्यक असते; अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे विचारले जातात. ज्या कातकरी किंवा ठाकर कुटुंबात आजोबांनी शाळेची पायरीही चढली नाही, तेथे शाळेचा जुना दाखला कोठून यावा? अशा वेळी तहसील कार्यालयातील कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, पूर्वजाची नोंद शोधावी लागते, आणि ती सापडेपर्यंत कित्येक महिने सहज निघून जातात. घरातील पहिल्या पदवीधरावर हा शोध एकट्याने करण्याची वेळ येणे अन्यायाचे आहे. तो पदवीच्या पहिल्या वर्षीच सुरू व्हावा आणि महाविद्यालयांनी त्यात हात द्यावा, हे त्यांचे कर्तव्यच मानले पाहिजे.

ज्यांची ही तयारी मागे राहिली आहे, त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे विद्यावेतन घेऊन आस्थापनेत काम शिकण्याचा, मार्ग खुला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांनाही त्याचा लाभ घेता येतो. तथापि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ नोकरी केलेल्या पदवीधराला सहसा प्रवेश मिळत नाही, म्हणून गोदामातील काम पत्करण्यापूर्वीच या योजनेत नोंदणी करणे श्रेयस्कर ठरते.