वाऱ्याला वाट द्या

(येलदरी येथे नवसाक्षर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी एका साध्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे डिझेलचा डबा. आता कुणी म्हणेल, "त्यात काय बोलायचं? डबा उचलला, टाकीत ओतला, झालं!" पण खरेच तसे होते का? डबा ओतताना तुमचा पायजमा कधी भिजला नाही का? हात तेलकट झाले नाहीत का? ज्याचे झाले नाहीत, त्याने हात वर करावा.

पाहा, एकही हात वर नाही!

तुमच्या गावाशेजारी पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. गावोगावी वीज आली, तरी तेलाचे काम काही संपले नाही. ट्रॅक्टरला डिझेल लागते. वीज नसली की पाणी उपसायला डिझेलचे इंजिन लागते. पाठीवरचा फवारणीचा पंपही पुष्कळ जण पेट्रोलचा वापरतात. इंजिन असते शेतात, आणि तेल मिळते पेट्रोल पंपावर. म्हणून कॅन भरून आणावा लागतो, आणि टाकीत ओतावा लागतो. सारा घोळ होतो तो या ओतण्यात.

मागे आम्ही एका शेतावर गेलो होतो. मामा-भाचे इंजिनात डिझेल ओतत होते. भाच्याने नरसाळे धरले होते, मामांनी वीस लिटरचा कॅन उचलला होता. कॅनमधून भुडूक भुडूक आवाज येत होता. धार एकदा थांबे, एकदा उसळे.

"मामा, जरा दमानं!"

"दमानंच ओततोय रे. ह्योच उसळ्या मारतोय, त्याला मी काय करू?"

टाकी भरली तेव्हा नरसाळ्याभोवतीची माती काळी झाली होती. मामा म्हणाले, "चालायचंच. थोडं सांडणारच."

आम्ही आज एवढेच सांगायला आलो आहोत, की सांडलेच पाहिजे असे नाही. मामांच्या हाताचा दोष नव्हता. डब्यात वाऱ्याला वाट नव्हती.

बळीराजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. वामनाने तीन पावले जमीन मागितली. बळीने दानाचे पाणी सोडायला झारी हातात घेतली. शुक्राचार्यांना हे दान होऊ द्यायचे नव्हते. ते बारीक रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले. पाणी अडले. मग वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली. शुक्राचार्यांचा एक डोळा गेला, आणि पाणी सुटले. तेव्हापासून आपण काम अडवून बसणाऱ्याला 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतो.

आपल्या डिझेलच्या डब्यातही एक शुक्राचार्य बसतो. तो दिसत नाही. त्याचे नाव वारा.

हे खरे की खोटे, ते इथेच पाहू. ही पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्या. तिला बुडाजवळ दाभणाने एक बारीक भोक पाडले आहे. बाटली पाण्याने भरली आणि झाकण घट्ट लावले. पाहा, बुडाला भोक आहे, तरी धार नाही. आता झाकण थोडे सैल करतो. धार लागली! पुन्हा झाकण आवळतो. धार थांबली!

असे का झाले? पाणी बाहेर आले की बाटलीत तेवढी जागा रिकामी होते. ती भरायला वारा आत यावा लागतो. झाकण घट्ट असले, तर वारा येणार कोठून? बाहेरचा वारा भोकाशी पाण्याला दाबून धरतो. वारा हलका वाटतो, पण त्याचा दाब मोठा असतो. एक सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद एवढ्या छोट्या जागेवर सुमारे एक किलोचा भार पडतो.

डब्याचे तोंड एकच असले, म्हणजे त्याच वाटेने तेलाला बाहेर यायचे असते आणि त्याच वाटेने वाऱ्याला आत जायचे असते. अरुंद गल्लीत समोरासमोर दोन बैलगाड्या याव्यात, तसे होते. आधी तेल थांबते. मग वाऱ्याचा एक बुडबुडा आत घुसतो. भुडूक! लगेच तेलाचा लोट बाहेर येतो. तो लोट नरसाळ्यात मावत नाही, आणि सांडतो.

आमच्या आयाबहिणींना हे आधीपासून माहीत आहे. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा त्या कसा फोडतात? एका कोपऱ्याला एक भोक, आणि समोरच्या कोपऱ्याला दुसरे. एका भोकातून तेल येते, दुसऱ्यातून वारा जातो. धार कशी सुतासारखी पडते! म्हणजे शास्त्र तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. ते फक्त शेतावर न्यायचे आहे.

आता सांडल्याने काय जाते, याचा हिशेब करू. तुम्ही आता अंक शिकला आहात. पाटीवर मांडा. एका वेळी १०० मिलिलिटर, म्हणजे लहान वाटीभर, डिझेल सांडले असे धरा. हंगामात १०० वेळा टाकी भरली. १०० गुणिले १०० म्हणजे १०,००० मिलिलिटर. म्हणजेच १० लिटर! आजचा भाव लावा आणि रुपये किती होतात ते स्वतः काढा.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे जिवाची. डिझेल सांडले तर नुकसान होते. पेट्रोल सांडले तर घात होतो. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही होते. ती वाफ वाऱ्याहून जड असते. म्हणून ती जमिनीलगत पसरते, खळग्यात साचते. चूल किंवा विडी काही पावलांवर असली तरी ती वाफ तिथवर पोचते आणि पेटते. फवारणीचा पंप चालून चालून तापलेला असतो. त्याच्या धुराड्यावर पेट्रोल उसळून पडले तर काय होईल? आणि तोच पंप आपण पाठीवर बांधतो! म्हणून इंजिन बंद करा. ते निवू द्या. पंप पाठीवरून खाली ठेवा. मगच पेट्रोल ओता.

आता ओतण्याची रीत सांगतो. ही रीत बिनपैशाची आहे.

पुष्कळ कॅनचे तोंड एका बाजूला असते. आपण कॅन असा धरतो, की तोंड खालच्या अंगाला जाते. तेलाने सगळे तोंड भरून जाते, आणि वाऱ्याची वाट बंद होते. आता कॅन फिरवून धरा. तोंड वरच्या अंगाला येऊ द्या, आणि कॅन हळूहळू आडवा करा. तोंडाच्या खालच्या भागातून तेल येईल, वरच्या भागातून वारा आत जाईल. पहिल्यांदा हे उलटे वाटेल. पण धार एकसारखी पडेल. आधी साधे पाणी घेऊन दुसऱ्या एखाद्या डब्यावर ही सवय करा. डिझेलच्या कॅनमध्ये मात्र पाण्याचा थेंबही राहू नये. तो इंजिनाला बाधतो.

दुसरी गोष्ट नरसाळ्याची. आपण ते टाकीच्या तोंडात घट्ट दाबून बसवतो. इथेही तोच शुक्राचार्य! टाकी रिकामी दिसते, पण ती वाऱ्याने भरलेली असते. तेल आत जायचे, तर वारा बाहेर आला पाहिजे. नरसाळे घट्ट बसले की वारा कोंडतो, नरसाळे तुंबते, आणि काठावरून तेल वाहते. म्हणून नरसाळे किंचित उचलून धरा. नाही तर टाकीचे तोंड आणि नरसाळे यांच्यामध्ये तारेचा छोटा तुकडा ठेवा. तेवढी फट पुरते. तिफणीच्या चाड्यात मूठ सैल सोडली तरच बी नीट पडते. नरसाळ्यातही धार बेताचीच सोडावी.

आता नवा कॅन घेणाऱ्यांसाठी. बाजारात कॅन पुष्कळ मिळतात. त्यात पाच गोष्टी पाहा.

पहिली, कॅन इंधनासाठीच केलेला असावा. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन नको. पाण्याची पातळ बाटली तर मुळीच नको.

दुसरी, झाकणात रबराचा वायसर असावा. कॅन आडवा केला तरी थेंब गळू नये.

तिसरी, तोंडापासून दूर, मुठीच्या मागे, वाऱ्यासाठी वेगळे छोटे भोक असावे. त्याला स्वतःचे बूच असावे. ओतताना बूच काढायचे, ओतून झाले की लावायचे.

चौथी, तोटी लांब असावी. ती टाकीच्या तोंडात सहज जावी, आणि झाकणाशी घट्ट बसावी.

पाचवी, आपल्याला पेलेल एवढाच कॅन घ्यावा. वीस लिटर डिझेलचे वजन सुमारे १७ किलो होते. ते दोन हातांचे काम आहे. पाच लिटरचा कॅन एकट्याला सोपा जातो.

काही तोट्यांच्या पोटात दोन वाटा असतात. मोठी वाट तेलाची, बारीक वाट वाऱ्याची. टाकी भरत आली, की तेल त्या बारीक वाटेच्या तोंडापर्यंत चढते. वाट बुजते, वारा थांबतो, आणि वाऱ्याबरोबर धारही आपोआप थांबते. कोंबड्यांना पाणी ठेवायचे उलट्या बाटलीचे भांडे असेच चालते. अशी तोटी मिळाली तर जरूर घ्यावी.

ज्याच्याकडे जुना, बिनभोकाचा कॅन आहे, तो म्हणेल, "मग मी घरीच भोक पाडतो. सळई तापवली की झालं!" नको, दादा! कॅन रिकामा दिसला तरी आत वाफ असते. तापलेली सळई लावली, की कॅन बंदुकीच्या बारासारखा उडतो. असले धाडस कधीही करू नका. तोंड वर धरण्याची रीत जुन्या कॅनलाही चालते.

मंडळी, हा प्रश्न फक्त आपलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात मोठमोठ्या फौजांनाही त्याने सतावले. आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांची फौज पातळ पत्र्याच्या चार गॅलनच्या डब्यांतून पेट्रोल नेत असे. डबे चेंबत, सांधे उकलत, आणि पेट्रोल वाळूत जिरून जाई. जर्मनांनी मात्र १९३७ च्या सुमारास वीस लिटरचा मजबूत डबा तयार केला होता. त्याला तीन मुठी होत्या. एकट्यालाही तो नेता येई, आणि दोघांनाही मिळून नेता येई. झाकण खटक्याने घट्ट बसे. आणि तोंडाजवळ वाऱ्यासाठी वेगळी नळी होती.

१९३९ साली पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकी अभियंता मोटारीने बर्लिनहून निघून कलकत्त्याला आला. वाटेत पाणी लागेल म्हणून त्याच्याबरोबर असले तीन डबे होते. पुढे इंग्रजांनी आणि अमेरिकनांनीही तसेच डबे केले. इंग्रज शिपाई जर्मनांना 'जेरी' म्हणत. म्हणून त्या डब्याचे नाव जेरीकॅन पडले. शत्रूची वस्तू चांगली दिसली, तर तीही शहाण्याने उचलावी!

उलट गोष्टही ऐका. अमेरिकेत २००९ सालापासून वाफ बाहेर जाऊ न देणारे डबे करण्याचा नियम लागू झाला. हेतू चांगला होता. पण पुष्कळ डब्यांचे वाऱ्याचे भोक गेले. धार नीट पडेना, म्हणून लोक कुरकुरू लागले. शेवटी २०२५ साली तिथल्या सरकारी खात्याने डबे करणाऱ्यांना सांगितले, की वाऱ्याची वाट ठेवा. तुमच्या माजघरातल्या गोडेतेलाच्या डब्याचेच शास्त्र ते!

आता शेवटची, पण फार महत्त्वाची गोष्ट. कॅन जड आहे म्हणून काही जण त्यात नळी घालतात, आणि तोंडाने तेल ओढतात. हे कधीही करू नका. डिझेल, पेट्रोल किंवा घासलेट पोटात जाते तेवढ्यावर भागत नाही. ठसका लागला की ते फुप्फुसात उतरते, आणि माणूस दगावू शकतो. त्यासाठी बाजारात दाबायचा रबरी फुगा लावलेली नळी मिळते. ती वापरा. आणि तेल पाण्याच्या किंवा शरबताच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेले लेकरू बाटली तोंडाला लावते. कुणी चुकून तेल प्यालेच, तर ओकारी काढू नका. मिठाचे पाणी पाजू नका. तडक दवाखाना गाठा.

पेट्रोलबद्दल कायदाही आहे. तो १९३४ सालचा आहे. विकायचे नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच जवळ ठेवता येते. धातूचा डबा २५ लिटरहून मोठा नसावा, आणि त्याचे बूच घट्ट असावे. पंपावर कॅन भरताना तो गाडीवर ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवा, म्हणजे विजेची ठिणगी पडण्याची भीती कमी होते. काठोकाठ भरू नका. उन्हाने तेल फुगते. त्याला चार बोटे जागा राहू द्या.

झाले आमचे बोलणे. आज घरी गेल्यावर बाटलीचा प्रयोग पोराबाळांना करून दाखवा. हा धडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि उद्या शेतावर डबा उचलाल, तेव्हा आधी झारीतल्या शुक्राचार्याची आठवण करा. त्याचा डोळा फोडायची गरज नाही. त्याला फक्त जायला वाट द्या.

वारा आत, तर तेल बाहेर. एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.