शाळेतील मत्स्यालय आणि पाण्याची गाळणी



बालाघाट जिल्ह्यातील लांजीचा परिसर धानाचा व तलावांचा. येथील मुलांना मासे नवे नाहीत. तथापि तलावातील मासा व काचेच्या पेटीतील मासा यांत मोठा फरक आहे. तलावाचे पाणी निसर्ग शुद्ध राखतो. पेटीत ते काम माणसाला करावे लागते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. या जीवाणूंना वसतिस्थान देणे हेच डबा-गाळणीचे मुख्य कार्य होय.

गाळणीचा डबा पेटीच्या खाली, पाण्याच्या पातळीहून निदान वीतभर खाली ठेवावा. आतील स्पंज व चिनी मातीच्या कड्या स्वच्छ पाण्याने धुऊन भराव्यात. झाकणाचे रबरी कडे नीट बसले आहे, हे पाहावे. नळ्यांना पीळ अथवा झोळ राहू देऊ नये.

शेतकरी विहिरीवरील पंप सुरू करण्यापूर्वी त्यात पाणी भरतो. येथेही तत्त्व तेच आहे. दोन्ही तोट्या उघडून बाहेर जाणाऱ्या नळीच्या टोकाने हवा ओढावी, किंवा डब्यावरील हातपंप दाबावा. पाणी एकदा खाली उतरू लागले की ते आपोआप वाहते. डबा काठोकाठ भरून हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत वीज जोडू नये. कोरडा फिरलेला पंप लवकर झिजतो. विजेची तार पाण्याच्या पेटीखालून वळवून, मग वर प्लगकडे न्यावी, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोहोचत नाहीत. हात पाण्यात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

जीवाणूंची वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच असावेत. वीज काही तास गेल्यास डब्यातील प्राणवायू संपतो व जीवाणू मरू लागतात. अशा वेळी डब्यातील साचलेले पाणी ओतून टाकल्याखेरीज गाळणी पुन्हा सुरू करू नये. स्पंज क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले. त्याचा आकार मोठा होता, पण नियम हाच. शिक्षकांनी गाळणी भरण्याचे काम मुलांच्या हाती द्यावे. पाणी का वाहते आणि का थांबते हे ज्याने स्वतः पाहिले, तो पुढे गावच्या तलावाची घाणही निमूटपणे पाहणार नाही.