ज्याची खावी पोळी : बीबीसीचे पैसे कोण भरतं?



इंग्लंडला शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना बऱ्याचदा एक पत्र येतं : टीव्ही लायसन्स आहे का? रूमवर टीव्हीच नाही, मग लायसन्स कसलं?

तर ब्रिटनमध्ये कुठलाही चॅनेल लाइव्ह बघायचा, किंवा बीबीसीचं आयप्लेअर अॅप वापरायचं, तर फी भरावी लागते. मोबाइलवर बघितलं तरीही. नुसत्या नेटफ्लिक्सच्या सीरिज बघितल्या, तर नाही. एप्रिल २०२५मध्ये ही फी वर्षाला १७४.५० पौंड झाली. गंमत ऐका : आईवडिलांच्या घरी लायसन्स असेल, तर विद्यार्थ्याने हॉस्टेलवर फोन बॅटरीवर बघितलेला चालतो. चार्जर लावला की सूट संपली! अर्थात आईबाबा साताऱ्यात असतील, तर ही सूट मिळतच नाही.

ही पद्धत १९२२ची, रेडिओच्या काळातली. तेव्हा फी होती १० शिलिंग. त्यामागचा विचार साधा आहे. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. जाहिरातदाराचे पैसे घेतले तर त्याची टाळी, सरकारचे घेतले तर सरकारची. म्हणून पैसे घराघरातून घ्यायचे. ब्रिटनमधल्या बीबीसीच्या चॅनेलवर जाहिराती नसतात, त्या यामुळेच.

पण यात दोन खोट आहेत. गरीब असो की श्रीमंत, फी जवळपास सगळ्यांना सारखीच. बुडवली तर खटला आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. दुसरी म्हणजे, फी किती ते सरकारच ठरवतं. २०२२मध्ये सरकारने ती दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवली. महागाई मात्र वाढतच होती. म्हणजे पोळी जनतेची, पण लाटणं सरकारच्या हातात!

जर्मनीत स्वतंत्र आयोग आकडा सुचवतो. एका राज्याने वाढ अडवली, तेव्हा २०२१मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती लागू केली : घरामागे महिना १८.३६ युरो.

आणि आपल्याकडे? आजोबांना विचारा. रेडिओ-टीव्हीचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागायचं. १९८०च्या दशकात ते गेलं. आता दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला केंद्र सरकारचं अनुदान मिळतं. म्हणजे पैसे आपण आजही भरतो, करातून. फक्त पावती मिळत नाही.

मला ही पावती महत्त्वाची वाटते. ब्रिटिश माणूस बीबीसीवर चिडला की सरळ म्हणतो, माझ्या पैशावर चालता तुम्ही. दूरदर्शनची बातमी बघून आपल्यापैकी कितीजण असं म्हणतात?

तुम्ही अशी फी भराल का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!